एका फळीवर उभे राहताना

मरोळहून पवई तलाव जवळच. तिथे चपटा दगड तिरका भिरकावून पाण्यावर भाकऱ्या काढल्यात ना? दगड पाणी खाली रेटतो, पाणी त्याला वर रेटते. वेग सरला की दगड बुडतो.

वॉटर स्कीइंगमध्ये हा वेग दोरीने ओढणारी मोटरबोट देते. १९२२ साली अमेरिकेत राल्फ सॅम्युअलसनच्या दोन्ही फळ्या पाण्यात घुसत. अंग मागे झुकवून त्याने त्यांची टोके वर धरली, तेव्हा तो तरला.

आता फळी एकच घ्या. क्षेत्रफळ जवळजवळ निम्मे! रेटा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, म्हणून वेग सुमारे १.४ पट हवा. तो येण्याआधीच उभा राहणारा बुडतो. म्हणून गुडघे छातीशी, हात सरळ आणि फळीचे टोक पाण्याबाहेर ठेवून धीर धरावा. वेग आला की पाणीच माणसाला वर उचलते.