कंपनी फिटिंगची किंमत

१९७५ ची होंडा गोल्डविंग, म्हणजे जीएल १०००, पहिल्यांदा जवळून पाहणारा माणूस हमखास फसतो. सीटच्या पुढे नेहमीसारखी भरदार पेट्रोलची टाकी दिसते. पण तिचं वरचं झाकण उचललं, दोन्ही बाजूंचे पत्रे कानांसारखे खाली पाडले, की आत पेट्रोलचा थेंबही नसतो. तिथे असतात फ्यूज, वायरी, एअर फिल्टर, कूलंटची बाटली आणि किकचा एक सुटा दांडा. बटण-स्टार्टने दगा दिला, तर तो दांडा काढून इंजिनला लावायचा आणि किक मारायची. खरी टाकी आहे सीटखाली, सुमारे १९ लिटरची.

ही लपवाछपवी हौसेखातर केलेली नव्हती. गाडीचं कोरडं वजनच २६५ किलोच्या घरात होतं. एवढं धूड सिग्नलला पायावर तोलायचं, पार्किंगमध्ये ढकलायचं, तर वजन जितकं खाली तितकं बरं. म्हणून पेट्रोल खाली नेलं आणि इंजिनाचे चार सिलिंडरही दोन डावीकडे, दोन उजवीकडे असे आडवे झोपवले. अशा इंजिनाचा क्रँक गाडीच्या लांबीच्या दिशेने फिरतो, त्यामुळे उभ्या गाडीला रेस दिली की ती एका कुशीला झुकू पाहते. होंडाच्या अभियंत्यांनी अल्टरनेटर उलट्या दिशेने फिरवून हा झोल मारून टाकला. ९९९ सीसीचं इंजिन पाण्याने थंड होणारं, चाकाला ताकद पोहोचवायला साखळीऐवजी शाफ्ट. साखळी म्हणजे लांबच्या प्रवासात रोजचं तेलपाणी आणि ताण बघणं. ते सगळं संपलं.

या गाडीची बीजं १९७२ च्या ‘एम १’ या प्रायोगिक गाडीत होती. १,४७० सीसीच्या त्या सहा सिलिंडरच्या गाडीचं काम शोइचिरो इरिमाजिरी यांच्याकडे होतं; साठच्या दशकात होंडाची पाच आणि सहा सिलिंडरची रेसिंग इंजिनं घडवणारे हेच. मजेची गोष्ट अशी, की १९७५ मध्ये बाजारात आलेली गोल्डविंग खुद्द जपानमध्ये विकली जात नव्हती. तिथल्या कंपन्यांनी देशांतर्गत विक्रीसाठी ७५० सीसीची मर्यादा स्वतःहून पाळली होती. त्यामुळे मोठ्या जपानी गाड्या जन्माला यायच्या जपानमध्ये आणि वाढायच्या परदेशी रस्त्यांवर.

आज गोल्डविंग म्हटलं की डोळ्यांपुढे येतो चाकांवरचा सोफा: पुढे भलीमोठी काच, मागे पेटारे, गाणी लावायची सोय. पहिल्या गोल्डविंगला यातलं काहीही नव्हतं. ना काच, ना पेटी. उघडं हँडल, गोल हेडलाइट, दोन गोल मीटर. हे बाकीचं सामान तिच्यावर चढवलं ते तिच्या मालकांनी.

त्याला कारण होतं. वेग दुप्पट झाला की वाऱ्याचा रेटा चौपट होतो. ताशी ९० किलोमीटरला तासभर मजा वाटते. सहा-सात तासांनी छाती मागे रेटली जाते, मुठी हँडलला लटकतात, मान आखडते. त्यात अमेरिकेत १९७४ पासून देशभर ताशी ५५ मैलांची, म्हणजे सुमारे ८८ किलोमीटरची वेगमर्यादा आली. सरळसोट महामार्ग, बांधलेला वेग आणि हजार मैलांची मजल. अशा प्रवासात जोरदार पिकअपपेक्षा शाबूत पाठ मोलाची वाटणं साहजिकच होतं.

ही गरज ओळखली क्रेग व्हेटर या अमेरिकी डिझायनरने. त्याचं ‘विंडजॅमर’ फेअरिंग म्हणजे हँडलच्या पुढून गुडघ्यांपर्यंत वळसा घेणारं कवच, वर काच आणि आत दोन्ही बाजूंना सामानाचे खण. ब्रॅकेट बदलला की तेच कवच निरनिराळ्या कंपन्यांच्या गाड्यांना बसायचं. त्याच्यात स्वतःचा दिवा होता, म्हणून गाडीचा मूळ हेडलाइट काढून ठेवावा लागे. हा काढून ठेवलेला हेडलाइट लक्षात असू द्या.

होंडाने ग्राहकांचा कौल ऐकला. १९८० च्या जीएल ११०० ची ‘इंटरस्टेट’ ही आवृत्ती फेअरिंग, बाजूच्या पेट्या आणि मागची डिकी कारखान्यातूनच लावून आली. त्याच वर्षी गोल्डविंगची बांधणी अमेरिकेतल्या ओहायो राज्यात, मेरिसव्हिलला सुरू झाली. मग चढाओढ लागली. १९८३ मध्ये कावासाकीची सहा सिलिंडरची व्हॉयेजर आणि यामाहाची व्हेंचर, पाठोपाठ सुझुकीची कॅव्हलकेड. १९८८ ची जीएल १५०० तर १,५२० सीसीची, सहा सिलिंडरची. आणि इतकी जड, की मागे घ्यायला स्टार्टर मोटरवर चालणारी रिव्हर्सची सोय द्यावी लागली.

झाकाझाकीचं टोक गाठलं १९८९ च्या होंडा पॅसिफिक कोस्टने, म्हणजे पीसी ८०० ने. या गाडीचं इंजिन दिसतच नाही. नखशिखांत प्लास्टिकचं गुळगुळीत अंग, आणि मागची सीट झाकणासकट वर उचलली की चाकाच्या दोन्ही बाजूंना कारच्या डिकीसारखी जागा. दोन पूर्ण हेल्मेट आरामात मावतात. व्हॉल्व्ह स्वतःच आपली फट सांभाळतात, टॅपेट सेट करायला नको. मागे शाफ्ट. कोट-टाय घालून ऑफिसला जाणाऱ्याचे हात काळे होऊ नयेत, ही त्यामागची कल्पना. सोयीच्या बाबतीत तिच्यात खोट काढणं कठीण. पण खप बेताचाच राहिला. १९९० नंतर ती थांबली, १९९४ ला परतली आणि १९९८ ला कायमची संपली. मोटरसायकलवाल्याला इंजिन बघायचं असतं, ते झाकलेलं त्याला रुचत नाही, हा माझा निष्कर्ष. आज मात्र याच वेगळेपणासाठी तिचे चाहते तिला जिवापाड जपतात.

तोवर वारंही फिरलं होतं. युरोपातल्या वेगवान रस्त्यांना वजनदार सोफा नको होता. १९९० च्या होंडा एसटी ११०० ने कवच आणि पेट्या ठेवल्या, पण अंग आवळून घेतलं. दुसरीकडे वाळवंटातून नवीच चव आली. डकार रॅली होंडाने १९८६ ते १९८९ सलग चार वर्षं जिंकली आणि १९८८ मध्ये आफ्रिका ट्विन बाजारात उतरवली. त्याच वर्षी सुझुकीच्या डीआर ७५० एसने पुढच्या मडगार्डच्या वर पक्ष्यासारखी चोच आणली. आज ताम्हिणी किंवा आंबोली घाटात उभ्या असलेल्या ‘अॅडव्हेंचर’ गाड्यांना दिसणाऱ्या चोचीचं मूळ तिथे आहे. आरामखुर्चीची जागा उंच, उभ्या बसणीने घेतली. शेवटी २०१८ मध्ये गोल्डविंगनेही स्वतःचं ४० किलोच्या आसपास वजन उतरवलं, सामानाची जागा कमी केली आणि मागच्या पेटाऱ्याविनाही ती मिळू लागली. बऱ्याच वळणांनंतर ती १९७५ च्या सडपातळ गाडीकडे वळून पाहते आहे.

आता त्या हेडलाइटकडे येऊ. जीएल १००० ही मुळात कमी बनलेली गाडी नव्हे. दुर्मिळ आहे ती जशी कारखान्यातून निघाली तशी राहिलेली जीएल १०००. कवच लावताना काढलेले दिवे, आरामासाठी बदललेलं हँडल, गादीदार सीट आली म्हणून टाकून दिलेली मूळ सीट, हे सगळं गॅरेजच्या कोपऱ्यातून भंगारात गेलं. ज्याने त्याने आपापल्या काळाची आवड गाडीवर चढवली, यात त्यांचा दोष नाही. गाडी वापरण्यासाठीच होती. पण आवड बदलली तेव्हा परतीची वाट उरली नव्हती. म्हणून आज जुन्या गाड्यांचा जाणकार चकाकणाऱ्या रंगाआधी मूळ नटबोल्ट शोधतो. आपल्याकडचे मेकॅनिक ज्याला ‘कंपनी फिटिंग’ म्हणतात, तेच.

हे आपल्याला परकं नाही. यामाहाच्या आरडी ३५० वरून घडलेली राजदूत ३५० इथे १९८३ मध्ये आली, आरएक्स १०० १९८५ मध्ये. पुण्याच्या बजाजने कावासाकीच्या साथीने केबी १०० रस्त्यावर आणली. २००१ ची कावासाकी बजाज एलिमिनेटर आणि तिच्यातून पुढे निघालेली अॅव्हेंजर यांनी लांब, बुटक्या, पाय पसरून बसायच्या टूरिंगची चव मराठी तरुणांना लावली. यातली एखादी गाडी आजही कुणाच्या तरी अंगणात ताडपत्रीखाली उभी असेल. वडिलांनी किंवा काकांनी हप्त्यांवर घेतलेली.

ती गाडी तुमच्या घरी असेल, तर एवढंच करा. हवा तो सायलेन्सर लावा, हवं ते हँडल बसवा, पण काढलेला मूळ भाग भंगारवाल्याला देऊ नका. तेलाचं फडकं गुंडाळा, एका खोक्यात ठेवा, वर गाडीचं नाव आणि साल लिहा. सोबत जुनं पुस्तक, टूलकिट आणि मूळ आरसी ठेवा. तुमची आवड वीस वर्षांनी बदलेल किंवा गाडी तुमच्या मुलीच्या हाती जाईल. तेव्हा हे खोकं घरात असलं पाहिजे.