कूलरची ताटी, पंख्याचे वायंडिंग आणि घरचे वीजबिल

होळी आटोपली की चंद्रपूर-गडचिरोलीकडे माळ्यावरचे कूलर खाली उतरतात. ताट्या बदलणे, पंप साफ करणे, पत्र्याला रंग मारणे, जळालेली मोटार बांधून घेणे ही कामे सावलीपासून नागपूरपर्यंतच्या मिस्त्रींवर एकदमच येऊन पडतात. पत्र्याचे काम, वायंडिंग आणि बिजलीची फिटिंग यांवर आपल्यातील कित्येक घरांची रोजी चालते. परंतु आपण गिऱ्हाइकाच्या घरी विजेची बचत पोचवतो, हे या कारागिराच्या मनातही येत नाही. गिऱ्हाइकाला तर ते कोणी सांगतच नाही.

थोडा हिशेब करू. घरगुती कूलर पंखा आणि पंप मिळून साधारण २०० वॅट वीज घेतो. रात्रीचे ८ तास चालला तर महिन्याला ४८ युनिट. दीड टनाचा एसी कॉम्प्रेसर चालू असताना १५०० वॅटच्या आसपास जातो. कॉम्प्रेसर मधूनमधून थांबतो हे धरले, तरी आपल्याकडच्या मे महिन्यात रात्रीला ६ ते ८ युनिट सहज होतात, म्हणजे महिन्याला २०० च्या घरात. इन्व्हर्टर एसी काहीसा कमी घेतो, एवढेच. त्यात महावितरणच्या बिलाची रीत अशी की पहिल्या १०० युनिटचा दर कमी आणि १०१ पासून ३०० पर्यंतचा जवळपास दुप्पट. दिवे, पंखे व फ्रिज मिळून पहिले १०० युनिट आधीच खातात, तेव्हा एसीचे जवळजवळ प्रत्येक युनिट महागड्या दराने पडते.

वीज तर आपल्या उशाशीच तयार होते. चंद्रपूरच्या औष्णिक केंद्राची क्षमता २९२० मेगावॅट आहे. कोळशाची धूळ आणि राख या जिल्ह्याच्या वाट्याला आली, बिलात सवलत मात्र नाही!

कूलर कोरड्या हवेत काम करतो. पाण्याची वाफ होताना ती हवेतली उष्णता घेते, म्हणून आत येणारी हवा गार लागते. ही हवा बाहेर जाण्यास वाट हवी. कित्येक घरांत एसीसारखी दारे-खिडक्या बंद करून कूलर लावतात, खोली दमट होते आणि मग 'कूलरात दम नाही' म्हणून एसीच्या दुकानाची पायरी चढतात. मिस्त्रीने कूलर खिडकीत बाहेरच्या बाजूस बसवावा व समोरची खिडकी थोडी उघडी ठेवण्यास सांगावे. मृगाचा पाऊस पडल्यावर कूलरचा उपयोग नाही, हेही प्रामाणिकपणे सांगावे. गवताची ताटी स्वस्त, पण दर हंगामाला बदलावी लागते. जाळीदार हनीकोंब महाग, पण काही वर्षे टिकते. खारे पाणी असेल तर दोन्हींवर थर बसतो आणि वारा अडतो. शिवाय कूलर पाणी पितो. जिथे नळ एक दिवसाआड येतो तिथे हाही खर्चच आहे.

आता वायंडिंगचे. स्वस्तात मोटार बांधून देण्याची चढाओढ लागली की तांब्याऐवजी ॲल्युमिनियमची किंवा मूळच्यापेक्षा बारीक तार भरली जाते. मोटार फिरते, गिऱ्हाईक खूश होऊन जाते. पण अशी मोटार तापते, जास्त वीज खाते आणि पुढच्या उन्हाळ्यात परत जळून येते. कारागिराला वाटते काम पुन्हा आले. खरे म्हणजे गिऱ्हाईक त्या दिवशी नवी मोटार घेऊन जाते. तार तांब्याची आहे आणि गेज अमुक आहे, हे पावतीवर लिहून देणाऱ्याला चार पैसे जास्त मागता येतात.

तरीही साध्या छताच्या पंख्याचे वायंडिंग फार वर्षे टिकेल असे दिसत नाही. जुना पंखा ७५ वॅटचा, नवा बीएलडीसी पंखा ३० वॅटच्या आसपास. रोज १२ तास चालला तर महिन्याला २७ युनिटच्या जागी ११. ज्या मशिदीत वीस-पंचवीस पंखे आहेत तिच्या कमिटीने हा हिशेब जरूर मांडून पाहावा. १ जानेवारी २०२३ पासून छताच्या पंख्यांवर स्टार लेबल सक्तीचे झाले आहे. बीएलडीसीमध्ये बिघडते ते बहुधा आतले इलेक्ट्रॉनिक कार्ड. तिथे तार गुंडाळण्याचा हात कामाचा नाही, सोल्डरिंग आणि मल्टिमीटर लागतो. असे वळण बाजाराने आधीही घेतले आहे. जानेवारी २०१५ मध्ये एलईडीची उजाला योजना सुरू झाली. सरकारी खरेदीत २०१४ च्या आरंभी सुमारे ३१० रुपयांना पडणारा एलईडी बल्ब २०१६ मध्ये ३८ रुपयांवर आला आणि सीएफएल मागणारे गिऱ्हाईक पाहता पाहता नाहीसे झाले. धानपट्ट्यातले शेतीपंप, पिठाच्या गिरण्या, कूलरच्या मोटारी यांचे वायंडिंग अजून हातात आहे. तोवर घरातल्या एका मुलाला कार्डाचे काम शिकवून घेणे सोयीचे. नुसत्या पंख्यावर दुकान ठेवणाऱ्याची काळजी वाटते.

आणखी एक गोष्ट पैशांची नाही. विदर्भात दर उन्हाळ्यात पत्र्याच्या कूलरचा शॉक लागून माणसे जातात. ओले अंग, अनवाणी पाय, हातात पाण्याची बादली, आणि घरात अर्थिंगच नाही. ताट्या बदलायला गेलेल्या मिस्त्रीने फेज आणि अर्थ यांच्यात टेस्ट लॅम्प लावून पाहावा. दिवा पूर्ण उजेडात पेटला नाही तर अर्थिंग नीट नाही असे समजावे, कूलर जोडू नये आणि घरमालकास तसे सांगावे. ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी बसवला तर गळती होताच तो लाइन तोडतो, पण तो आहे म्हणून अर्थिंग सोडू नये. पाणी भरण्यापूर्वी प्लग काढायचा, हे घरातल्या बायका-मुलांसमोर सांगावे. कूलरमध्ये पाणी बहुधा तीच भरतात.