चाकांवरचे बिऱ्हाड आणि त्याची मोरी

अमेरिकेत पिकअप ट्रकच्या हौद्यावर एक लहानशी खोली बसवून सहकुटुंब प्रवासास निघण्याची हौस जुनी आहे. या खोलीस तेथे ‘ट्रक कॅम्पर’ म्हणतात. १९६०-७० च्या सुमाराच्या कॅम्पर डागडुजी करून आजही वापरल्या जातात. त्यांतील शेगडी-बिछान्याचे कौतुक सारेच करतात. आम्हांस मात्र मोरीचा प्रश्न अधिक विचारार्ह वाटतो.

भांडी घासल्याचे ते ‘करडे’ पाणी आणि शौचाचे ते ‘काळे’, असा भेद तिकडे करतात. पुष्कळशा जुन्या लहान कॅम्परांत सांडपाण्याची टाकीच नसे. मोरीची नळी सरळ बाहेर काढलेली असे. आता तिच्या तोंडाशी झाकणाचा कॅन लावावा लागतो. जेवणाची ताटे आधी कागदाने पुसून घेतली, तर पाणी थोडे लागते आणि कॅनला दुर्गंधीही कमी येते.

शौचासाठी पेटीवजा भांडे असते : वर स्वच्छ पाणी, खाली मैला, मध्ये सरकती झडप. खालचा कप्पा साधारणतः १९ लिटरांचा. दोन माणसांस तो तीन-चार दिवस पुरतो. तो काठोकाठ भरू देऊ नये, कारण वीस किलोंचे ते ओझे अरुंद पायऱ्यांवरून हातानेच उतरवायचे असते! (हे काम घरात कोणाच्या वाट्यास येते, हे सांगावयास नकोच.) ओढ्याकाठी तो रिता करणे हा शुद्ध अपराध होय, त्यासाठी नेमलेली ‘डंप स्टेशने’ असतात. त्यात फॉर्मालिनयुक्त औषध घालू नये. पुढे सेप्टिक टाकीत मैला कुजवणारे जीवाणूच त्याने मरतात.