हप्त्यामागचा अंदाज

पत्र दोन पानी होतं. काकूंनी त्याच्या चार घड्या घालून ते पर्सच्या आतल्या कप्प्यात ठेवलं होतं. ऑक्टोबर २०२५चा पहिला शनिवार. इंग्लंडमधल्या स्लाउ इथे आमच्या सभागृहाच्या मागच्या खोलीत मी शनिवारी सकाळी दोन तास बसते. लोक विजेची आणि गॅसची बिलं घेऊन येतात आणि आम्ही ती मिळून वाचतो. २०२२च्या हिवाळ्यात हे सुरू झालं, ते अजून चालू आहे.

काकूंनी पत्र उलगडून माझ्यापुढे सरकवलं. वीज-गॅस पुरवणाऱ्या कंपनीने कळवलं होतं की त्यांचा महिन्याचा डायरेक्ट डेबिट ११२ पौंडांवरून २०० पौंड होणार, आणि नवी रक्कम त्याच महिन्याच्या चोवीस तारखेला खात्यातून जाणार.

"अगं, मी एकटी बाई. दोनशेचा गॅस मी जाळला तरी कुठे?" त्या म्हणाल्या. मग आवाज खाली आणून, "हीटिंग अजून लावलंच नाहीये मी. लावायचंच नाही असं ठरवलंय."

हे दुसरं वाक्य मी या खोलीत फार वेळा ऐकलं आहे. पत्रातला आकडा वाढतो आणि माणूस आधी थर्मोस्टॅटकडे जातो, हिशेबाकडे नंतर. ऐंशीच्या घरातल्या बाईने थंडीत घर गार ठेवणं किती धोक्याचं, हे सांगायला डॉक्टर लागत नाही. म्हणून अशा वेळी मी पहिली गोष्ट सांगते ती हीच, की हे बिल नाही. हा पुढच्या वर्षाचा अंदाज आहे, बाराने भागलेला. अंदाज चुकीचा असू शकतो, आणि तो तपासता येतो.

महाराष्ट्रात महावितरणचं बिल मीटरवर जितके युनिट तितकं येतं आणि आपण ते भरतो. इंग्लंडमध्ये बहुतेक घरं वर्षाच्या खर्चाचे बारा सारखे भाग करून भरतात. त्याला कारण आहे ते थंडीचं. घर तापवायला गॅस लागतो, आणि वर्षभराच्या गॅसचा मोठा भाग ऑक्टोबर ते मार्चमध्येच संपतो. जसा वापर तसं बिल भरायचं ठरवलं तर जानेवारीत निवृत्तिवेतनावर जगणाऱ्याचं कंबरडं मोडेल. सारखा हप्ता ठेवला की उन्हाळ्यात खात्यात पैसे जमतात आणि हिवाळ्यात ते उतरतात. कोकणात पावसाळ्याआधी घरात बेगमी करतात, तसंच हे. त्यामुळे सप्टेंबरअखेर खात्यात दोन-अडीचशे पौंड जमा दिसले तर ते जादा नसतात, आणि एप्रिलमध्ये खातं शून्याजवळ आलं तर ती थकबाकी नसते. ही व्यवस्था मला मनापासून चांगली वाटते. वयस्क माणसाला दर महिन्याला काय जाणार हे ठाऊक असणं फार मोलाचं आहे.

अडचण इतकीच की रक्कम ठरवण्याचा अधिकार एकाच बाजूकडे आहे. गाडीच्या कर्जाचा हप्ता खात्यातून कापायला आपण बँकेला परवानगी देतो, तेव्हा रक्कम आधी ठरलेली असते. डायरेक्ट डेबिटमध्ये परवानगी आपली, रक्कम घेणाऱ्याची. ब्रिटनमध्ये ही पद्धत साठच्या दशकात आली. युनिलिव्हरमध्ये काम करणाऱ्या अ‍ॅलिस्टर हँटन यांनी आइस्क्रीम विकणाऱ्या दुकानदारांकडून पैसे गोळा करायला ती काढली. दुकानदाराच्या मागणीला त्याच्याच हातची पावती असते. काकूंच्या हातात मात्र कंपनीचा अंदाज आला होता.

मी नेहमीप्रमाणे तीन गोष्टी मागितल्या. शेवटची बिलं, मीटरचा फोटो आणि आधीच्या वर्षाचा वापर. बिलं काकूंच्या मोबाइलवर होती. फोटो नातवाने काढून दिला होता. तिसरी गोष्ट लोकांकडे जवळजवळ कधीच नसते. काकू म्हणाल्या, "कालनिर्णयवर आहे की."

त्या संध्याकाळी मी त्यांच्या घरी गेले. स्वयंपाकघराच्या दाराला २०२५चं कालनिर्णय, आणि त्याच खिळ्याला मागे २०२४चं. पुतण्या दर वर्षी सांगलीहून पाठवतो. लग्नानंतर सासरी दुधाचा हिशेब चौकोनात लिहायची सवय लागली, ती इथे येऊनही सुटली नाही. इथे रतीब नाही, म्हणून प्रत्येक महिन्याच्या एक तारखेला त्या मीटरचा आकडा लिहितात. चतुर्थी-एकादशीच्या छापील अक्षरांशेजारी निळ्या पेनने, बारीक, न चुकता.

जिन्याखालच्या कपाटात मीटर आहेत. गॅसचा मीटर एप्रिलच्या शेवटी बदलला होता, तो जुना झाल्यामुळे. नवा स्मार्ट मीटर आला, पण कपाटात सिग्नल येत नाही, म्हणून तो कंपनीला काही पाठवत नाही. काकू वाकून बटण दाबतात, आकडा वाचतात, मोबाइलवरून कळवतात. १ मेच्या चौकोनात ००००३. जूनमध्ये ०००३४, जुलैत ०००५६, ऑगस्टमध्ये ०००७५, सप्टेंबरमध्ये ०००९३, ऑक्टोबरमध्ये ००११३. पाच महिन्यांत ११०. दोन्ही कालनिर्णयांवर जुन्या मीटरचे चार अंकी आकडे होते, २०२४च्या जानेवारीत ६१२०, २०२५च्या जानेवारीत ६४०३. वर्षाला २८३.

आता बिलं शेजारी ठेवली. मे ते सप्टेंबर मिळून गॅसचे ३,४९३ युनिट लावले होते. उन्हाळ्यात काकूंचा गॅस लागतो तो आंघोळीच्या पाण्याला आणि स्वयंपाकाला. आणि आदल्या पूर्ण वर्षाचा, हिवाळ्यासकट, बिलातला आकडा नऊ हजारांच्या आसपास. पाच उबदार महिन्यांत वर्षाच्या दोन पंचमांश गॅस कसा गेला असेल?

गॅसच्या बिलात एक गुणाकार असतो, तो कोणी वाचत नाही. मीटर मोजतो आकारमान आणि बिल होतं ऊर्जेचं, किलोवॅट-तासांत, ज्याला आपण युनिट म्हणतो. घनमीटरला १.०२२६४ने गुणायचं, मग गॅसच्या उष्मांकाने, जो साधारण ३९.५ धरता येतो, आणि ३.६ने भागायचं. म्हणजे एक घनमीटर गॅसचे सुमारे सव्वाअकरा युनिट. पण जुने मीटर घनफुटांत मोजायचे, त्यांचा एक आकडा म्हणजे शंभर घनफूट. त्याचे घनमीटर करायला सुरुवातीला आणखी २.८३ने गुणावं लागतं. चार अंकी जुना मीटर घनफुटांचा, पाच अंकी नवा घनमीटरचा, ही ढोबळ ओळख.

बिलाच्या तिसऱ्या पानावर बारीक अक्षरांत तो २.८३ अजून बसलेला होता. मीटर बदलला, पण कंपनीच्या नोंदीत तो घनफुटांचाच राहिला. काकूंनी प्रत्येक महिन्याला प्रामाणिकपणे कळवलेला आकडा तिकडे जवळपास तिप्पट होत होता. ११० घनमीटरचे होतात १,२३४ युनिट, लावले होते ३,४९३. फरक २,२५९ युनिटचा. सव्वासहा पेन्सच्या दराने जवळजवळ १४२ पौंड. खात्यात जमा असायला हवे होते दोनशे तीन, दिसत होते एकसष्ट.

आणि मग अंदाज. कंपनीच्या संगणकाने या पाच महिन्यांवरून पूर्ण वर्ष काढलं होतं, गॅसचे २५,४७० युनिट. दोन खोल्यांच्या घरात एकटी राहणारी बाई, आणि वापर चार-पाच माणसांच्या मोठ्या घराला शोभेल इतका. नियामक संस्था ऑफजेम २०२५मध्ये सर्वसाधारण घरासाठी वर्षाला गॅसचे ११,५०० आणि विजेचे २,७०० युनिट धरत होती. कोणत्याही माणसाने हे दोन आकडे शेजारी ठेवून पाहिले असते तर तो थांबला असता. माझा राग चुकीवर नाही, मीटर बदलताना नोंद चुकते, माणसं काम करतात तिथे असं होतं. राग याचा आहे की ऐंशी वर्षांच्या बाईकडून महिन्याला अठ्ठ्याऐंशी पौंड जास्त मागण्याआधी कोणीही पाहिलं नाही.

खरा हिशेब मी तिथेच टेबलावर मांडला. त्या तिमाहीचा विजेचा दर २६.३५ पेन्स, गॅसचा ६.२९. रोजचा स्थिर आकार विजेला ५३.६८ पेन्स आणि गॅसला ३४.०३. काकूंची वीज वर्षाला १,८०० युनिट, गॅस ९,०००. सगळं मिळून १,३६० पौंड, महिन्याला ११३. त्यांचा जुना हप्ता ११२ जवळजवळ काट्यावर बरोबर होता.

इथे एक गैरसमज सांगायलाच हवा, कारण तो दर शनिवारी भेटतो. "सरकारने तर मर्यादा घातली आहे ना?" ऑफजेमची दरमर्यादा १ जानेवारी २०१९पासून आहे, पण ती युनिटच्या दरावर आणि स्थिर आकारावर आहे, एकूण बिलावर नाही. बातम्यांत सांगतात तो वर्षाचा आकडा फक्त सर्वसाधारण घराचा. एप्रिल २०२२मध्ये तो ५४ टक्क्यांनी वाढून १,९७१ पौंड झाला, तेव्हा हप्ते वाढणं अटळ होतं. गॅस खरंच महागला होता. तरीही ऑफजेमने तपासलं तेव्हा दिसलं की त्या वर्षी फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये पाच लाखांहून अधिक ग्राहकांचे हप्ते दुपटीपेक्षा जास्त वाढवले होते. कंपन्यांना ते पुन्हा तपासायला सांगितलं गेलं. त्याच सुमारास, २०२१च्या उत्तरार्धात, वीसहून अधिक छोट्या कंपन्या बुडाल्या होत्या. त्यांपैकी काही ग्राहकांच्या खात्यातली जमा रक्कम खेळतं भांडवल म्हणून वापरत होत्या. त्या ग्राहकांचे पैसे वाचले, पण त्याचा भार पुढे सगळ्यांच्या बिलांवर पडला. उगाच वाढवलेल्या हप्त्याने कोणाची सोय होते, हे तेव्हा मला नीट कळलं.

सोमवारी काकूंच्या घरून फोन लावला. चाळीस मिनिटं वाट पाहिल्यावर एक तरुण आवाज आला, सौम्य आणि थकलेला. आधी काकूंनी नाव, जन्मतारीख सांगून मला बोलायची परवानगी दिली.

"रक्कम सिस्टिमने काढली आहे," तो म्हणाला.

मी म्हटलं, "ती कशी काढली ते सांगा. वर्षाचा अंदाज किती धरलाय आणि कशावरून?"

हे विचारायचा हक्क ग्राहकाला आहे. हप्ता हातात असलेल्या सर्वांत चांगल्या आणि ताज्या माहितीवर ठरवायचा, आणि त्याचं कारण ग्राहकाला समजेल अशा भाषेत सांगायचं, ही पुरवठादाराच्या परवान्यातलीच अट आहे. त्याने आकडा वाचला, २५,४७०. मग मी २.८३बद्दल विचारलं. पलीकडे बराच वेळ शांतता. टंकण्याचा आवाज. "मीटरचा फोटो पाठवाल का, समोरचं घनमीटरचं चिन्ह दिसेल असा?"

फोटो पाठवला, आणि ही तक्रार म्हणून नोंदवा असं मी स्पष्ट सांगितलं. 'चौकशी' आणि 'तक्रार' यांत फार फरक आहे. तक्रार नोंदली की दिवस मोजले जातात. आठ आठवड्यांत निकाल लागला नाही तर एनर्जी ओम्बुड्समनकडे जाता येतं, पैसे न देता, आणि ग्राहकाने मान्य केलेला तिथला निर्णय कंपनीवर बंधनकारक असतो.

काकूंना मात्र वेगळंच हवं होतं. "बँकेत जाऊन डेबिट बंदच करून टाकते." बंद करता येतं, कधीही. पण मग बिल हातात आल्यावर भरायचा दर लागू होतो, आणि तो वर्षाला शंभर पौंडांहून जास्त महाग पडतो. डायरेक्ट डेबिटची हमीही इथे उपयोगाची नव्हती. पूर्वसूचना न देता किंवा चुकीच्या तारखेला रक्कम कापली तर बँक लगेच परत करते, पण बिलच वादात असेल तर तो वाद कंपनीशीच सोडवावा लागतो. या कंपनीने दहा कामकाजाच्या दिवसांआधी सूचना रीतसर दिली होती. म्हणून चोवीस तारखेला दोनशे पौंड गेले. काकूंनी तो दिवस कालनिर्णयवर लाल पेनने गोल केला.

मी रोज फोन करून विचारत होते, हीटिंग लावलं का. तिसऱ्या दिवशी त्या रागावून म्हणाल्या, "लावलंय गं, अठरावर." मग आठवड्याभराने एकोणिसावर.

पाचव्या आठवड्यात सुधारलेली बिलं आली. मीटर घनमीटरचा झाला, १४२ पौंड खात्यात जमा झाले, जास्तीचे ८८ पौंड बँकेत परत आले, आणि हप्ता ठरला ११५. सोबत दिलगिरीचं एक वाक्य होतं. काकूंनी ते दोनदा वाचलं आणि पत्र पुन्हा चार घड्या करून ठेवलं.

डिसेंबरच्या सुरुवातीला मी चहाला गेले तेव्हा जिन्याखालचं कपाट उघडंच होतं. नातू टॉर्च धरून उभा होता आणि काकू बटण दाबून आकडा वाचत होत्या. मग त्यांनी पेन शोधलं आणि एक तारखेच्या चौकोनात लिहिलं, ००२७६. थोडं थांबून त्याच्यापुढे आणखी दोन अक्षरं घातली, घ. मी.