फायलींच्या रांगेतून फिरताना

रावेरच्या केळीबागेत कापणी करणारा प्रत्येक खोडापाशी थांबतो, घड भरलाय का पाहतो आणि पुढे सरकतो. फोल्डरमधल्या शेकडो काटापावत्यांवर पायथॉनमधलं फॉर-लूप असंच फिरतं. २०१५ साली ३.५ आवृत्तीत आलेलं ‘स्कॅनडिर’ हे फंक्शन प्रत्येक नोंदीच्या नावासोबतच ती फाईल आहे की आतला फोल्डर, हेही बहुधा सांगून टाकतं. डिस्कला पुन्हा विचारावं लागत नाही, म्हणून काम झपाट्यानं होतं. क्रमाची मात्र हमी नाही. नावं क्रमाने लावली तरी ‘पावती१०’ ही ‘पावती२’च्या आधी येते, कारण तुलना अक्षरागणिक होते. म्हणून कळकळीनं सांगतो, ‘पावती००२’ असंच नाव द्या. फायली पुसायच्या असतील तर आधी पूर्ण यादी हाती घ्या, मगच पुसा.