जिल्ह्याच्या आराखड्यात कौशल्याला जागा किती?

जिल्ह्यात नवा उद्योग येणार म्हटले की आधी जमीन, पाणी, वीज आणि रस्ता यांची चर्चा होते. पैसा आणि इच्छा असेल तर ही कामे दोन-तीन वर्षांत मार्गी लागतात. शेडमधले यंत्र सांभाळणारा माणूस तयार व्हायलाही तेवढाच, कधी त्याहून जास्त वेळ लागतो. त्याची तयारी मात्र बहुधा सुरू होते ती कारखान्याच्या दारावर ‘कामगार पाहिजेत’ची पाटी लागल्यावर. स्थानिक आर्थिक नियोजनात शिक्षण आणि कौशल्य यांचा विचार पहिल्या दिवसापासून का हवा, याचे उत्तर या वेळेच्या हिशेबात आहे.

जिल्हा हीच पातळी का?

माल जगभर जातो, भांडवल कुठूनही येते. पण नुकताच कामाला लागलेला तरुण फार लांब जाऊ शकत नाही. परगावी खोली घेतली की पगारातला मोठा वाटा भाड्यात आणि खानावळीत जातो. मुलींच्या बाबतीत तर शेवटची एसटी किती वाजता आहे आणि वसतिगृह आहे का, यावरच शिक्षण आणि नोकरी दोन्ही ठरतात. सकाळी जाऊन संध्याकाळी परतता येईल तेवढा परिसर, हाच बहुतेकांचा रोजगाराचा बाजार असतो.

शिवाय प्रत्येक भागाचा धंदा वेगळा. इचलकरंजीत यंत्रमाग, नाशकात द्राक्षे आणि वाहनांचे सुटे भाग, सिंधुदुर्गात पर्यटन आणि काजूप्रक्रिया. मंत्रालयात बसून केलेली अभ्यासक्रमांची एकच यादी या तिन्ही ठिकाणी सारखी उपयोगी पडणार नाही.

कायद्यात सोय आहे

१९९२ च्या ७४व्या घटनादुरुस्तीने कलम २४३ झेडडी आणले आणि जिल्हा नियोजन समितीला घटनात्मक स्थान मिळाले. महाराष्ट्राने त्यासाठी १९९८ मध्ये कायदा केला. समितीच्या सदस्यांपैकी चार-पंचमांश सदस्य जिल्हा परिषद आणि नगरपालिकांच्या निर्वाचित सदस्यांतून निवडून येतात. पालकमंत्री अध्यक्ष असतात आणि जिल्हाधिकारी सदस्य-सचिव. लोक आजही तिला जुन्या नावाने ‘डीपीडीसी’च म्हणतात. जिल्हा वार्षिक योजनेचा निधी कुठे जाणार, हे तिथे ठरते.

कौशल्यासाठी जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली वेगळी जिल्हा कौशल्य विकास कार्यकारी समिती असते. जागतिक बँकेच्या साहाय्याने २०१८ मध्ये सुरू झालेल्या ‘संकल्प’ या केंद्रीय कार्यक्रमाने जिल्हावार कौशल्य आराखड्यांवर भर दिला. जिल्हाधिकारी दोन्हीकडे आहेत. तरीही रस्ते आणि औद्योगिक वसाहतींचा विचार एका बैठकीत, प्रशिक्षणाचा दुसऱ्या बैठकीत झाला, तर दोन्ही आराखडे एकमेकांना न भेटताच मंजूर होतात.

कोल्हापूर: एका उद्योगात किती कामे?

उसाच्या पट्ट्यात पाणी उपसायला ऑइल इंजिने लागत. शेतीच्या या गरजेतून कोल्हापुरात इंजिने, त्यांचे सुटे भाग आणि ओतकाम वाढले. शिवाजी उद्यमनगरातल्या वर्कशॉपमध्ये मिस्त्रीच्या हाताखाली पोरे तयार होत. पुढे उद्योग शिरोली, गोकुळ शिरगाव आणि कागल-हातकणंगले औद्योगिक वसाहतींत पसरला. आज इथल्या फाउंड्री वाहने, ट्रॅक्टर, पंप आणि व्हॉल्व्ह यांच्यासाठी कास्टिंग पुरवतात.

बाहेरून पाहणाऱ्याला हे सारे ‘फाउंड्रीतले काम’ वाटते. आत मात्र पॅटर्न करणारा वेगळा, वाळूची तपासणी करणारा वेगळा, मोल्डर, कोअरवाला, भट्टीवाला, फेटलिंगवाला, इन्स्पेक्टर हे सगळे वेगळे. कोळशावरच्या कुपोलाच्या जागी विजेवरची इंडक्शन फर्नेस आली, तेव्हा भट्टीपाशी लागणारे ज्ञानही बदलले. धातूची रासायनिक तपासणी आणि विजेच्या यंत्रणेची देखभाल यांचे महत्त्व वाढले. मशीनशॉपमध्ये सीएनसी आणि व्हीएमसी ही संगणक-नियंत्रित यंत्रे आल्यावर ऑपरेटरइतकीच गरज सेटरची आणि प्रोग्रॅम लिहिणाऱ्याची भासू लागली.

यात कमाईचाही प्रश्न आहे. कच्चे कास्टिंग तसेच विकले तर दर वजनावर मिळतो. तेच मशीनिंग करून, तपासून, जोडणीला तयार करून दिले तर मोल वाढते. हे पुढचे काम करणारी माणसे जिल्ह्यात नसतील, तर ते काम आणि त्यातला नफा दुसऱ्या शहरात जातो. म्हणजे कौशल्यामुळे एकाला नोकरी मिळते, तशीच जिल्ह्याची कमाईही वाढते.

मागणी कशी मोजायची?

‘कुशल मनुष्यबळ हवे’ हे वाक्य आराखड्यात उपयोगाचे नाही. चार गोष्टी विचाराव्या लागतात.

१. कोणते काम करणारे किती जण हवेत? उद्योगाचे नाव पुरेसे नाही, कामाचे नाव हवे.

२. पुढच्या तीन वर्षांत कोणती यंत्रे येणार आणि कोणती जाणार?

३. सध्याच्या कामगारांपैकी किती जण निवृत्तीला आले आहेत? जुन्या मिस्त्रीबरोबर त्याची हातोटीही जाते.

४. जागा रिकाम्या राहतात त्या माणसे नाहीत म्हणून, की पगार आणि कामाची परिस्थिती बरी नाही म्हणून?

चौथा प्रश्न बऱ्याचदा टाळला जातो. उष्णता, धूळ आणि कंत्राटी पद्धत यांमुळे तरुण येत नसतील, तर आणखी एक तुकडी शिकवून काही साधत नाही. ते दुखणे प्रशिक्षणाचे नाही, नोकरीचे आहे.

तीन वर्षे आधी

आयटीआयमध्ये फिटर किंवा इलेक्ट्रिशियनचा अभ्यासक्रम दोन वर्षांचा, वेल्डरचा एक वर्षाचा. त्यापुढे शिकाऊ उमेदवारीचा काळ धरला, तर आज प्रवेश घेणारा फिटर साधारण तीन वर्षांनी पूर्ण कामाचा होतो. म्हणून नवी वसाहत जाहीर होते त्याच वर्षी जवळच्या आयटीआयमध्ये योग्य ट्रेड सुरू व्हायला हवा. नुसत्या जागा वाढवूनही भागत नाही. शिल्प निदेशकांची पदे भरलेली हवीत आणि कार्यशाळेतली यंत्रे उद्योगात चालतात तशी हवीत.

कारखान्याचा वाटा

शिकाऊ उमेदवार अधिनियम १९६१ चा आहे. नियमांनुसार ३० किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनांना कंत्राटी कामगार धरून एकूण मनुष्यबळाच्या २.५ ते १५ टक्के शिकाऊ उमेदवार घेणे बंधनकारक आहे. २०१६ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारी प्रोत्साहन योजनेत विद्यावेतनाचा २५ टक्के वाटा, महिन्याला कमाल १५०० रुपये, केंद्राने उचलला.

तरीही लहान वर्कशॉप मागेपुढे पाहते. पोरगा शिकवायचा आपण आणि हात बसला की त्याला न्यायचे मोठ्या कंपनीने, ही मालकाची तक्रार खोटी नाही. एकट्याला न परवडणारा हा खर्च दहा-वीस जण मिळून करू शकतात. उद्योजकांची संघटना, आयटीआय आणि जिल्हा योजना यांनी मिळून सामाईक प्रशिक्षण केंद्र चालवणे, हा त्यावरचा व्यवहार्य मार्ग आहे.

पाया शाळेतच

मोजमाप, दशांश अपूर्णांक आणि आकृती वाचणे कच्चे असेल, तर व्हर्नियर हातात देऊन उपयोग होत नाही. हाताने काम करता करता शिकण्याचा विचार महाराष्ट्राला नवा नाही. १९३७ मध्ये वर्ध्याच्या परिषदेत गांधीजींनी नई तालीम मांडली. डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये पुणे जिल्ह्यातल्या पाबळ इथे विज्ञान आश्रम सुरू केला. तिथल्या मूलभूत तंत्रज्ञानाच्या शालेय कार्यक्रमात मुले अभियांत्रिकी, ऊर्जा-पर्यावरण, शेती-पशुपालन आणि गृह-आरोग्य ही चार क्षेत्रे प्रत्यक्ष कामातून शिकतात. गावाला उपयोगी पडेल असे काम करणे हा त्या शिक्षणाचाच भाग असतो. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानेही सहावी ते आठवीच्या मुलांसाठी दहा दिवस दप्तराविना स्थानिक कारागिरांकडे शिकण्याची कल्पना मांडली आहे.

यश कशाने मोजावे?

वाटलेली प्रमाणपत्रे मोजणे सोपे असते, म्हणून अहवालात तीच येतात. त्यापेक्षा वर्षभरानंतर किती जण शिकलेल्याच कामात टिकले, पगार किती वाढला, मुली किती, आणि स्वतःचे जॉबवर्क किती जणांनी सुरू केले, हे पाहावे. हे आकडे दरवर्षी जिल्हा नियोजन समितीपुढे आले आणि पुढच्या वर्षीचा निधी त्यांवरून ठरला, तर कोणता ट्रेड वाढवायचा आणि कोणता थांबवायचा हे अंदाजावर सोडावे लागणार नाही. जिल्हा परिषद सदस्याने बैठकीत एवढी माहिती मागितली, तरी सुरुवात होऊ शकते.