मिसरीचा निकाल आणि उंदरांची खोली

निपाणी पट्ट्यातला तंबाखू तव्यावर काळा होईपर्यंत भाजायचा, कुटायचा आणि बोटाने दातांना लावायचा. कोल्हापूर जिल्ह्यातल्या अनेक घरांत मिसरी अशीच तयार होते. दात साफ राहतात, दुखणे थांबते, असे लावणाऱ्या बायका सांगतात. पण भाजल्यावर तंबाखूतले विष जाते की वाढते?

हा प्रश्न मुंबईत परळच्या कॅन्सर रिसर्च इन्स्टिट्यूटने (आता ती खारघरच्या 'ॲक्ट्रेक'मध्ये आहे) प्रयोगशाळेतल्या प्राण्यांना विचारला. डॉ. एस. व्ही. भिडे आणि सहकाऱ्यांनी उंदीर, घुशीसारखे दिसणारे रॅट आणि हॅम्स्टर यांना मिसरी मिसळलेले खाद्य कित्येक महिने दिले. 1988 मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाला: प्राण्यांच्या जठराच्या पुढच्या भागात पॅपिलोमा नावाच्या गाठी आढळल्या.

कर्करोग चार दिवसांत होत नाही, म्हणून अशा चाचण्या लांबतात. आजच्या आंतरराष्ट्रीय नियमांनुसार रॅटवरची चाचणी साधारण 24 महिने चालते, म्हणजे त्याचे जवळजवळ आयुष्यभर. प्रत्येक गटात किमान 50 नर आणि 50 माद्या. तीन मात्रांचे तीन गट आणि काहीही न दिलेला चौथा, म्हणजे निदान 400 प्राणी. हा चौथा गट फार महत्त्वाचा, कारण म्हाताऱ्या रॅटना गाठी आपोआपही होतात.

आणि एवढा काळ त्या खोलीत काहीही बदलायचे नाही! तापमान 22 अंशांच्या आसपास, बारा तास उजेड, बारा तास अंधार. खाद्य ठरलेले, पाणी तपासलेले. तुसाच्या अंथरुणात कीटकनाशकाचा अंश असला तरी निकालावर शंका येते. आत जाणाऱ्याने कपडे बदलायचे, कारण विसाव्या महिन्यात बाहेरून संसर्ग शिरला तर सगळे मुसळ केरात. शेवटी प्राण्यांना मारून अवयव सूक्ष्मदर्शकाखाली तपासले जातात. निष्काळजीपणाने चाचणी वाया गेली तर हे 400 जीवही फुकट गेले. म्हणून भारतात असा प्रयोग नैतिक समितीच्या परवानगीशिवाय सुरू करता येत नाही.

माणसाच्या जठराला तो पुढचा कप्पाच नसतो. त्यामुळे केवळ या गाठींवरून माणसाबद्दल निवाडा करणे घाईचे ठरले असते. धूरविरहित तंबाखूने माणसाला कर्करोग होतो, हा जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेचा निर्वाळा मुख्यतः रुग्णांच्या अभ्यासांवर उभा आहे. प्राण्यांवरचे प्रयोग त्याच्या जोडीला आहेत. तंबाखूच्या पुडीवर धोक्याचे चित्र छापावे लागते. घरी भाजलेल्या मिसरीला पुडी नसते.